फाल्गुन ते मृग : गोव्यात घर विकताना

गोव्यात घरविक्रीचा हंगाम पाऊस ठरवतो. शिगम्याचे ढोल थांबतात, बागायतींत काजूच्या बोंडांचा वास दरवळू लागतो आणि गुढीपाडव्याच्या सुमारास घर पाहणाऱ्यांची वर्दळ वाढते. अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर विसार देण्याघेण्याची प्रथा अजूनही पाळली जाते. मे महिन्यात मुंबई-पुण्याकडचे आणि परदेशातले नातेवाईक गावी येतात. रखडलेल्या वाटण्यांची बोलणी तेव्हाच होतात आणि सह्याही तेव्हाच मिळतात. मृग लागला की लाल मातीच्या वाटा चिखलाने भरतात, जुन्या भिंती ओल धरतात आणि पाहणाऱ्यांची पावले घराकडे वळेनाशी होतात. म्हणूनच वसंताचे हे तीन महिने विकणाऱ्याच्या दृष्टीने सोयीचे मानले जातात.

मात्र हंगाम चांगला असला म्हणजे व्यवहार चांगला होतोच असे नाही. गोव्यातील घरांवर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कुटुंब-कायद्याची छाया आहे. महसुली नोंदी आणि मालकी यांत अनेकदा अंतर असते. बळकावलेल्या जमिनींची प्रकरणे अलीकडच्या वर्षांत चव्हाट्यावर आल्यामुळे खरेदीदारांचे वकीलही पूर्वीपेक्षा बारकाईने कागद तपासतात. घर विकण्याचा निर्णय घेतलेल्या कुटुंबाने कोणत्या क्रमाने तयारी करावी, कोठे थांबावे आणि कोठे घाई करू नये, याची ही मांडणी.

वसंतातले घर

पाहायला येणाऱ्याला घर मार्च-एप्रिलमध्ये सर्वात चांगल्या रूपात दिसते. भिंती कोरड्या असतात, अंगण स्वच्छ असते, आंब्याफणसांची झाडे फळांनी लगडलेली असतात. परंतु जाणता खरेदीदार याच दिवसांत दोन गोष्टी पाहतो. पहिली गोष्ट विहीर. वैशाखात पाणी तळाला गेलेले असते, तेव्हा विहिरीला किती पाणी टिकते हे लपवता येत नाही. दुसरी गोष्ट छप्पर आणि भिंतीचा पाया. मागच्या पावसाने चिऱ्यांच्या भिंतीवर सोडलेली ओलीची रेघ उन्हाळ्यात पुसट होते, पण नाहीशी होत नाही. त्यावर ताजा रंग दिला की संशय वाढतो.

म्हणून विक्रीला काढण्यापूर्वी मोजकी, परंतु खरी दुरुस्ती करणे श्रेयस्कर. कौलारू घराची शाकारणी एरवीही पावसाआधी करावीच लागते. ती मार्चमध्येच उरकली, फुटलेली मंगळुरी कौले बदलली आणि वाशांना वाळवी लागली आहे का हे सुताराकडून तपासून घेतले, तर खर्चाचा मोबदला किमतीत मिळण्याची शक्यता अधिक असते. महागड्या फरश्या, नवे स्वयंपाकघर किंवा झगमगीत दिवे यांवर खर्च करण्यात अर्थ नसतो. जुने घर घेणारा ते सहसा स्वतःच्या आवडीने बदलतो. उलट बाल्कांव, राजांगण, जुनी लाकडी दारे, ऑयस्टर शिंपल्यांच्या खिडक्या ही ज्या घरांची ओळख आहे, ती मोडून ‘आधुनिक’ केलेले घर आपले मोल हरवून बसते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार विक्रेत्यावर काही कर्तव्ये आहेत. विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा मालमत्तेतील किंवा मालकीतील महत्त्वाचा दोष त्याने उघड केला पाहिजे, मालकीची कागदपत्रे तपासणीसाठी दाखवली पाहिजेत आणि विक्रीच्या दिनांकापर्यंतची सरकारी देणी चुकती केली पाहिजेत. शेजाऱ्याशी वाटेवरून वाद असेल, न्यायालयात दावा चालू असेल किंवा घरात कोणी भाडेकरू असेल, तर ते आधीच सांगितलेले बरे. नंतर उघड झालेला दोष किंमत तर उतरवतोच, शिवाय विसाराची रक्कम आणि विश्वास दोन्ही गमावण्याची वेळ आणतो.

घर नेमके कोणाचे?

गोव्यात विक्री अडते ती बहुधा या प्रश्नावर. येथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंब-कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. वारसाहक्काचा भाग आता ‘गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२’ यात समाविष्ट झाला आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नी सर्वसाधारण समाईक मालमत्तेच्या पद्धतीत येतात. म्हणजे दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. खरेदीखतावर एकट्या पतीचे नाव असले तरी घर दोघांचे असते. माहेरहून वारशाने आलेला हिस्साही, वेगळी तजवीज नसेल तर, याच समाईकात मिळतो. त्यामुळे स्थावर मालमत्ता विकताना पती आणि पत्नी दोघांची सही आवश्यक ठरते.

हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. वडील निवर्तले आहेत, आई हयात आहे आणि तीन भावंडे आहेत. घर आईवडिलांच्या समाईक मालकीचे होते. वडिलांच्या निधनाने त्यातील अर्धा भाग आईचा स्वतःचा म्हणून तिच्याकडे राहतो. तो तिला वारशाने मिळत नाही, तो आधीपासून तिचाच असतो. उरलेला अर्धा भाग तीन मुलांत समान वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाला घराचा एक षष्ठांश हिस्सा मिळतो. तिघेही विवाहित असतील, तर प्रत्येक जोडीदार त्या हिश्शात सहभागी होतो. अशा घराच्या विक्रीखतावर आईची एक आणि मुले, सुना, जावई यांच्या सहा, अशा सात सह्या लागतात. त्यांतली एक सही लंडनला असेल आणि एक रुसलेली असेल, तर हंगाम हातचा जातो.

मृत्युपत्र केलेले असले तरी त्याला मर्यादा आहे. मुले असताना मालकाला स्वतःच्या वाट्याच्या अर्ध्या भागाचीच मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा भाग मुलांचा राखीव वाटा असतो. त्यामुळे ‘बाबांनी घर माझ्या नावे लिहून दिले आहे’ या समजुतीवर एकट्याने विसार घेणे धोक्याचे. आईवडिलांना हयातीत घर एका मुलाला विकायचे झाले, तर इतर मुलांची संमती लागते. तसेच सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा त्रयस्थाला विकायचा असेल, तर इतर सहहिस्सेदारांना तो त्याच किमतीला घेण्याचा अग्रहक्क असतो. त्यांना न कळवता केलेली विक्री पुढे न्यायालयात आव्हानित होऊ शकते.

वारस निश्चित करण्याचे दोन मार्ग आहेत. वाद नसेल, तर उपनिबंधक कार्यालयातील विशेष नोटरीसमोर वारसाखत करता येते. गोव्यात त्याला ‘हॅबिलिटेशन डीड’ म्हणून ओळखतात. त्यासाठी मृत्यूचे, जन्मांचे आणि विवाहनोंदणीचे दाखले लागतात. वाटणीबाबत एकमत नसेल किंवा वारसांपैकी कोणी अज्ञान असेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीची कार्यवाही करावी लागते. वारसाखताने वारस कोण हे ठरते. घराचा कोणता भाग कोणाचा, हे त्याने ठरत नाही. हा फरक लक्षात न घेता अनेक कुटुंबे वारसाखत हाती येताच वाटणी झाली असे मानून चालतात.

गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांसाठी आणखी एक मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार, गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारसालाही हाच कायदा लागू होतो. म्हणजे मूळ गोमंतकीय गृहस्थाचा पुण्यातला फ्लॅट विकतानाही हिश्शांचा हाच हिशेब मांडावा लागू शकतो.

कागदांची पिशवी

प्रत्येक जुन्या घरात कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी असते. त्यात पोर्तुगीज भाषेतले पिवळे कागद, घरपट्टीच्या पावत्या आणि कोणा आजोबांच्या हातचे नकाशे असतात. विक्रीचे काम या पिशवीपासून सुरू करावे.

ग्रामीण भागात एक-चौदाचा उतारा हा पहिला कागद. त्यात सर्व्हे क्रमांक, उपविभाग, क्षेत्रफळ, कब्जेदारांची नावे, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना असतो. शहर भूमापन झालेल्या भागांत त्याऐवजी मालमत्ता पत्रक असते आणि घराची ओळख चलता क्रमांक व पी. टी. शीट क्रमांकाने होते. हे उतारे आता ऑनलाइन पाहता येतात. कब्जेदाराच्या रकान्यात दिवंगत आजोबांचेच नाव असेल, तर आधी फेरफार करून घ्यावा. मात्र महसुली उतारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यातील नोंद ही एक गृहीतक असते. ती खरी मालकी सिद्ध करणाऱ्या दस्तऐवजांनी खोडून काढता येते.

मालकीची साखळी त्यामागच्या कागदांतून उभी राहते. खरेदीखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे, न्यायालयाचे हुकूम हे त्यांत आले. पोर्तुगीज काळातील जमीन-नोंदणीच्या वहीतील मिळकतीचे वर्णन आणि मालकाची नोंद, तसेच महसूल खात्यातील मात्रिजाची नोंद यांच्या प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात. त्या पोर्तुगीज भाषेत असल्याने भाषांतर करून घ्यावे लागते आणि त्यात वेळ जातो. जुन्या वर्णनातील चतुःसीमा ‘पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहोळ’ अशा असतात. त्या आजच्या सर्व्हे नकाशाशी जुळवून पाहणे हे अनुभवी वकिलाचे आणि भूमापकाचे काम आहे.

घर आणि जमीन यांची मालकी वेगवेगळी असण्याचे प्रसंगही गोव्यात कमी नाहीत. घर आपले, पण जमीन भाटकाराची, देवस्थानाची किंवा कोमुनिदादीची, अशी स्थिती असेल तर घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल यांच्या आधारे जमीन विकता येत नाही. घरपट्टी भरणे म्हणजे मालकी नव्हे. उलट बाजूने, मालकाच्या जमिनीत मुंडकाराचे घर असेल, तर १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला हुसकावणीपासून संरक्षण आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला आहे. जमिनीचा मालक बदलला म्हणून तो हक्क संपत नाही. मुंडकार असल्याचे दडवून केलेली विक्री खरेदीदाराला आणि मुंडकाराला, दोघांनाही वर्षानुवर्षे कचेरीत खेपा घालायला लावते.

यानंतर नियोजन खात्याचे कागद येतात. प्रादेशिक आराखड्यात किंवा शहराच्या बाह्य विकास आराखड्यात जमीन कोणत्या विभागात येते, याचा झोनिंग दाखला नगर व ग्राम नियोजन खात्याकडून घ्यावा. भूरूपांतर झाले असल्यास महसूल संहितेच्या ३२ व्या कलमाखालील सनद जोडावी. मोठ्या जमिनीतील घरापुरता तुकडा विकायचा असेल, तर उपविभागणीची मंजुरी आणि १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या ४९(६) कलमाखालचा ना-हरकत दाखला यांशिवाय नोंदणी होत नाही. घरामागे शेत असेल, तर २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आले आहेत. ‘घराबरोबर शेतही देऊ’ असा शब्द देण्यापूर्वी हे तपासावे. किनाऱ्यालगतच्या आणि नदीकाठच्या घरांसाठी सीआरझेडचे नियम महत्त्वाचे ठरतात. खरेदीदाराला पुढे काय बांधता येईल आणि काय नाही, यावर त्या घराची किंमत ठरते.

फ्लॅट विकणाऱ्यांची यादी थोडी वेगळी आहे. मूळ खरेदीखत, वास्तव्याचा दाखला, सोसायटीचे भागपत्र, देणी नसल्याचे पत्र आणि हस्तांतरणाची संमती हे कागद त्यात येतात. जुन्या अनेक इमारतींत सोसायटीच स्थापन झालेली नसते किंवा जमीन अजून मूळ बिल्डरच्या नावे असते. अशा वेळी विक्रीखतात जमिनीतील अविभक्त हिश्शाचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे. गृहकर्ज असेल तर बँकेशी आधी बोलावे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत देणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेच्या बाजूने विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपयांची भरपाई ठरवलेली आहे.

शेवटी उपनिबंधकांकडून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा. हा दाखला विक्रेत्यानेच आधी काढून ठेवला, तर पहिल्या बैठकीतच व्यवहाराची अर्धी वाट सरते.

किंमत कशी ठरवावी

किमतीबाबत दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे समुद्रकिनाऱ्याजवळच्या एखाद्या बंगल्याची ऐकीव किंमत आपल्या गावातल्या घराला लावणे. दुसरी म्हणजे दलालाने पहिल्यांदा उच्चारलेला आकडा प्रमाण मानणे. दाबोळीपाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. त्यामुळे पेडणे आणि बार्देशकडे बाहेरच्या खरेदीदारांचे लक्ष वाढले, हे खरे. पण याच तालुक्यांत रस्त्याला लागून असलेले घर आणि पायवाटेने जावे लागणारे घर यांच्या भावात मोठा फरक असतो.

विश्वसनीय आधार म्हणजे त्याच वाड्यावर गेल्या वर्षा-दोन वर्षांत प्रत्यक्ष नोंदवलेली विक्रीखते. उपनिबंधक कार्यालयातून त्यांच्या प्रती मिळू शकतात. त्याच्या जोडीला सरकारने ठरवलेले जमिनीचे किमान आधारभूत दर पाहावेत. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा लेखी अहवाल घेतला, तर तो पुढे आयकराच्या हिशेबातही उपयोगी पडतो. दलालाची मदत घेतल्यास दलाली किती, ती केव्हा देय होईल आणि त्याचा अधिकार किती मुदतीचा, हे लेखी ठरवावे. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी दलालाला नोंदणी बंधनकारक आहे. खासगी घराच्या पुनर्विक्रीतही नोंदणी असलेला दलाल निवडणे अधिक सुरक्षित.

प्रती कोणाच्या हाती द्याव्यात

गोव्यात जमीन बळकावण्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२२ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नियुक्त केला. जुन्या काळच्या बनावट दस्तऐवजांच्या आधारे मालकी दाखवून मिळकती परस्पर विकण्याचे प्रकार या तक्रारींतून पुढे आले. मालक परदेशात असलेली, बंद पडलेली, वारसांची नोंद न झालेली घरे अशा टोळ्यांच्या नजरेत लवकर भरतात.

विक्रीला काढलेल्या घराचे कागद या हातातून त्या हातात फिरतात. म्हणून मूळ दस्तऐवज कोणालाही देऊ नयेत. प्रती देताना त्यावर कोणासाठी व कशासाठी दिल्या हे आडवे लिहून द्यावे. आधार आणि पॅनच्या प्रती मेसेजवर पाठवू नयेत. विक्रीचा विचार नसला तरी वर्षातून एकदा आपल्या घराचा उतारा आणि फेरफार तपासून पाहणे, विशेषतः बाहेर राहणाऱ्यांनी, आवश्यक झाले आहे.

मुखत्यारपत्राबाबत अधिक दक्षता हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे की केवळ मुखत्यारपत्र, विक्रीकरार आणि मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत विक्रीखतच लागते. म्हातारी आई उपनिबंधक कार्यालयात येऊ शकत नाही म्हणून मुखत्यारपत्र करायचे झाल्यास ते घरच्या विश्वासू माणसाच्या नावे, एकाच मिळकतीपुरते आणि मुदत घालून करावे. दलालाच्या किंवा खरेदीदाराच्या माणसाच्या नावे कधीही करू नये. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीकडून किंवा नियमानुसार साक्षांकित करून घ्यावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावावा लागतो.

विसार ते नोंदणी

किंमत ठरली की विसारपावती न करता रीतसर विक्रीकरार करावा. त्यात मिळकतीचे अचूक वर्णन, एकूण किंमत, हप्त्यांच्या तारखा, ताबा देण्याचा दिवस, व्यवहार मोडल्यास विसाराचे काय होईल आणि घरातील कोणत्या वस्तू विक्रीत समाविष्ट नाहीत, हे सारे असावे. देव्हारा, तुळशीवृंदावन, जुने झोपाळे आणि फर्निचर यांवरून शेवटच्या दिवशी उगाच कटुता येते. पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत ताबा देऊ नये. ‘सामान ठेवायला एक खोली उघडून द्या’ ही विनंतीही नम्रपणे नाकारावी.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. उल्लंघन झाल्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो आणि तो घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर पडतो. ‘थोडे पांढरे, थोडे काळे’ या जुन्या चालीचा सर्वाधिक धोका विक्रेत्यालाच आहे. नोंदवलेली किंमत सरकारी मूल्याहून १० टक्क्यांपेक्षा अधिक कमी असेल, तर करासाठी सरकारी मूल्यच विक्रीची किंमत मानले जाते.

मुद्रांक शुल्क वेगळे काही ठरले नसेल, तर कायद्याने खरेदीदाराने भरायचे असते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत विक्रीखत नोंदणीसाठी सादर करावे लागते. नोंदणीच्या दिवशी सर्व विक्रेते, त्यांचे जोडीदार आणि साक्षीदार ओळखपत्रांसह हजर असावेत. विवाहाच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे, हा गोव्यात नेहमी येणारा अडथळा. लग्नानंतर बदललेली नावे, पोर्तुगीज वळणाची आडनावे आणि त्यांची वेगवेगळी लेखने यांचा मेळ घालणारे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे.

३१ मार्च की १ एप्रिल?

वसंतातल्या विक्रीत आर्थिक वर्षाची सीमारेषा येते. ३१ मार्चला नोंदवलेली विक्री सरत्या वर्षाच्या हिशेबात जाते, तर १ एप्रिलची नव्या वर्षात. त्यामुळे कर भरण्याचा आणि विवरणपत्राचा काळ एका वर्षाने पुढे सरकतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या क्रमांकांवर विसंबून न राहता सनदी लेखापालाकडून खात्री करून घ्यावी.

घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल, तर होणारा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. वारशाने आलेल्या घरात मूळ मालकाचा काळही धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी भारतीय व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्के या जुन्या पद्धतीशी तुलना करून कमी असेल तो कर भरण्याची मुभा आहे. २००१ पूर्वीच्या घरांसाठी १ एप्रिल २००१ चे वाजवी बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते. मात्र त्या दिवसाचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर त्याहून अधिक धरता येत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. घर १ कोटीला विकले आणि २००१ चे मूल्य १० लाख ठरले, तर पहिल्या पद्धतीने ९० लाखांवर ११.२५ लाख कर येतो. २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने मूळ किंमत ३७.६ लाख होते आणि दुसऱ्या पद्धतीने कर १२.४८ लाख येतो. येथे पहिली पद्धत बरी. परंतु २००१ चे मूल्य २० लाख ठरले, तर पहिल्या पद्धतीने १० लाख आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ४.९६ लाख कर येतो. अधिभार व उपकर वेगळे. मूल्यनिर्धारकाचा अहवाल किती मोलाचा असतो, ते यावरून कळते.

समाईक मालमत्तेच्या पद्धतीतील गोव्याच्या दांपत्यांसाठी आयकर कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. पगाराखेरीज इतर उत्पन्न, त्यात भांडवली नफाही आला, पती-पत्नींत निम्मे विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवावे लागते. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदार १ टक्का कर कापून घेतो. त्याचे श्रेयही दोघांत विभागले गेले पाहिजे. दोघांचेही पॅन व्यवहारापूर्वी तयार असावेत.

कर वाचवण्याचे वैध मार्ग आहेत. विक्रीपूर्वी एका वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर ठरावीक मर्यादेत सूट मिळते. सहा महिन्यांच्या आत विहित रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवणूक करता येते. ते पाच वर्षे मोडता येत नाहीत. घर शोधायला वेळ लागणार असेल, तर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी.

विक्रेता अनिवासी असेल, पोर्तुगीज पारपत्र घेतलेला असेल, तर हिशेब बदलतो. खरेदीदाराला कर अधिक दराने कापावा लागतो. आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला आधी मिळवला नाही, तर मोठी रक्कम परताव्यासाठी अडकते. हा दाखला मिळायला आठवडे लागतात, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत येऊन सही करू इच्छिणाऱ्यांनी अर्ज हिवाळ्यातच करावा. अनिवासी खात्यातून विक्रीची रक्कम परदेशी नेण्याची मर्यादा एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलर इतकी आहे.

तयारी चतुर्थीपासून

वारसाखत, फेरफार, झोनिंग दाखला, उपविभागणी आणि पोर्तुगीज कागदांची भाषांतरे ही कामे फाल्गुनात सुरू केली तर मृगापूर्वी पुरी होत नाहीत. ज्यांना येत्या वसंतात घर विकायचे आहे, त्यांनी आदल्या भाद्रपदात सुरुवात करावी. गोव्यात चवथीला कुटुंबाच्या साऱ्या शाखा मूळ घरी एकत्र येतात. भावंडे, सुना, जावई, परदेशातली पुतणी, ज्यांच्या सह्या लागणार ती बहुतेक माणसे तेव्हा एका छपराखाली असतात.

त्या दिवसांत दुपारची जेवणे झाल्यावर पिशवी सोडून कागद चटईवर मांडावेत. घर विकायचे की नाही, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावा आणि जो तेथे राहतो त्याला सर्वांत आधी विचारावा. आई त्या घरात एकटी राहत असेल, तर ती कोणाकडे जाणार आणि तिच्या अर्ध्या वाट्याची रक्कम कोणाच्या खात्यात जाणार, हे किमतीच्या आधी ठरावे. कायद्याने तिच्या सहीशिवाय विक्री होत नाही. पण सही मिळाली म्हणजे तिची सोय झाली, असे नव्हे. पुढच्या वर्षी गणपती कोणाच्या घरी बसवायचा, हेही त्याच बैठकीत बोलून घ्यावे. तो प्रश्न कोणत्याही विक्रीखतात नसतो, पण त्याचे उत्तर न ठरवता झालेल्या विक्रीनंतर भावंडे पुन्हा एकत्र यायला पुष्कळ वर्षे लागतात.